एका घराचे चार मथळे : मराठवाड्यातल्या ‘लाभार्थी’ बातमीचं परीक्षण

मोंढ्याच्या कोपऱ्यावर चहाबरोबर मिळणारं दैनिक पाच-सहा रुपयांत बरंच काही देतं. सोयाबीनचा भाव देतं, जायकवाडीत किती टक्के साठा आहे ते सांगतं, कुणाच्या दहाव्याला कुठं जायचं तेही कळवतं. त्या बाबतीत तक्रारीला फारशी जागा नाही. इथं तपासायचाय तो त्याच कागदावर येणारा दुसरा माल : निराधार, लाडकी बहीण, रेशन, रोजगार हमी अशा योजनांतून पैसे किंवा धान्य घेणाऱ्या माणसांबद्दलची बातमी. ती जिल्हा पानावर येते, मुंबईच्या वाहिन्यांवर येते, तालुक्याच्या यूट्यूब चॅनेलवर येते, सकाळच्या रेडिओवरही येते. चारही ठिकाणचा माल सारखा नाही.

कसोट्या दोनच लावल्या. योजनेत असलेल्या माणसाचं काम या बातमीनं सोपं होतं का? आणि योजनेत नसलेल्या माणसाचं त्याच्याबद्दलचं मत या बातमीतून कसं घडतं? पहिल्या कसोटीवर हा माल काठावर पास होतो. दुसऱ्यावर नापास, आणि तेही खोटं छापल्यामुळं नव्हे. आकडे बहुतेक वेळा खरेच असतात. गडबड त्यांच्या मांडणीत आणि त्यांना लावलेल्या नावांत आहे.

मापाला एक घर घेऊ. कुणाचं खरं नव्हे, पण पाटोद्यापासून मुखेडपर्यंत कुठल्याही वस्तीवर सापडेल असं. मुलाच्या नावावर तीन एकर कोरडवाहू. पासष्टी ओलांडलेली सासू श्रावणबाळ योजनेत, महिना १,५०० रुपये. सून लाडकी बहीण योजनेत, तिलाही १,५००. कार्ड केशरी, शेतकऱ्याचं. त्यावर धान्य नाही, माणशी महिना १७० रुपये खात्यात. दिवाळीनंतर नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्याच्या टोळीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात शेतं पाण्याखाली गेली, तेव्हा हे घर पहिल्या पानावर होतं. तिथं ते ‘बळीराजा’. ऑक्टोबरच्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजात कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० आणि रब्बीच्या तयारीसाठी वर १०,००० असा दर होता. तीन एकर म्हणजे सुमारे सव्वा हेक्टरला थोडी कमी. हिशेब २२,००० च्या आसपास जातो. याला बातमीत ‘तुटपुंजी मदत’ म्हटलं गेलं. सुनेचे वर्षाचे १८,००० होतात. त्याच आठवड्यांत आतल्या पानांवर हे पैसे ‘तिजोरीवरचा बोजा’ होते आणि ती स्वतः ‘छाननीच्या कचाट्यात’. सासूचे १८,००० वर्षातून एकदा, हयातीच्या दाखल्याच्या वेळी बातमीत येतात. तेव्हा शब्द असतो ‘मयतांच्या नावे अनुदान’. आणि केशरी कार्डाचे पैसे? त्यांची बातमी निर्णय झाला तेव्हा एकदा आली, मग थेट रक्कम १५० वरून १७० झाली तेव्हा.

रकमा एकाच पट्टीतल्या, चूलही एकच. पण वाचकाच्या डोक्यात चार वेगवेगळी माणसं तयार होतात : एक दयेचं, एक संशयाचं, एक मेलेलं आणि एक नसलेलं. या मालाचा मूळ दोष हाच आहे.

शब्दांचं दुकान

जिल्हा पानावर शब्दांचा ठरलेला साठा असतो. मदत द्यायची तर ‘दिलासा’, उशीर झाला तर ‘प्रतीक्षा’, नियम बदलला तर ‘दणका’, यादीतून नावं गेली तर ‘कात्री’, चौकशी लागली तर ‘चाप’, आणि माणूस यादीत बसत नसूनही पैसे घेत असेल तर ‘डल्ला’. ‘डल्ला’ हा शब्द पूर्वी दागिन्यांच्या चोरीला वापरायचे. महिना दीड हजारावर ‘डल्ला’ मारणारी बाई आणि सराफाचं दुकान फोडणारा चोर एकाच क्रियापदात बसवले, की पुढची टिप्पणी वाचक स्वतःच लिहितो.

‘लाभार्थी’ हा शब्दही निर्मळ नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडणाऱ्या, नाला बांधणाऱ्या माणसाला ‘मजूर’ म्हणत. सुकडी खाऊन दिवसभर घमेली उचलणाऱ्या बाईला लाभार्थी म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्याच दुष्काळातून रोजगार हमीचा कायदा आला : विधिमंडळात १९७७ मध्ये मंजूर, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. या योजनेच्या खर्चासाठी कायद्याआधीच, १९७५ पासून, व्यवसाय कर बसवला होता. पगाराच्या पावतीवर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, तो हाच, वर्षाला २,५००. बातमीखाली ‘आमच्या टॅक्सवर फुकटे पोसताय’ असं लिहिणाऱ्या पगारदाराला हे कुणीतरी एकदा चौकटीत छापून दाखवायला हवं. काडेपेटीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीवर ‘फुकटे’ही कर भरतात, हे तर चौकटीविनाही कळण्यासारखं आहे.

‘रेवडी’ उत्तरेकडून आली. १६ जुलै २०२२ रोजी जालौनमध्ये द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी ‘रेवडी संस्कृती’ म्हटलं आणि मराठी वाहिन्यांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला. माळेगावच्या जत्रेत पैसे मोजून घेतलेली रेवडी पदराला बांधून घरी नेणाऱ्या बाईला या नव्या अर्थाचा पत्ताही नसेल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी एक रुपयाच्या पीक विम्याबद्दल बोलताना, हल्ली भिकारीही एक रुपया घेत नाही, असा दाखला दिला. त्यावर दिवसचे दिवस चर्चा झाल्या : मंत्री माफी मागणार का, विरोधक काय म्हणाले, पक्षातले कोण नाराज. त्या सगळ्या तासांत एक साधी गोष्ट मात्र क्वचितच सांगितली गेली. शेतकरी एक रुपया भरायचा म्हणजे विमा एक रुपयाचा नव्हता. त्याच्या वाट्याचा उरलेला हप्ता राज्य सरकार विमा कंपनीला देत होतं. पैसा आधी जायचा तो कंपनीकडं, शेतकऱ्याकडं नव्हे. हे दोन मिनिटांत सांगता येतं. पण मग ‘भिकारी’ या शब्दावर तीन दिवस चालवता येत नाही.

शब्दांनी मत किती हलतं, याचा पुरावा अमेरिकेच्या जनरल सोशल सर्व्हेत आहे. ‘वेल्फेअर’वर, म्हणजे सरकारी कल्याण योजनांवर, सरकार फार कमी खर्च करतं का, असं विचारलं की थोडेच लोक हो म्हणतात. ‘गरिबांना मदत’ असा शब्द घातला की हो म्हणणारे कितीतरी वाढतात. पैसा तोच, माणसंही बहुतांशी तीच. मराठीत ‘खैरात’ आणि ‘आधार’ हे दोन शब्द आलटून पालटून वापरून असा प्रयोग करायला कुणी सर्वेक्षणवाला लागत नाही. पारावर बसून करता येतो.

अंश छापतात, छेद गाळतात

आता आकड्यांकडं. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांच्या खात्यानं सांगितलं, की लाडकी बहीण योजनेतले सुमारे २६.३४ लाख अर्जदार अपात्र असल्याची माहिती मिळाली आहे. कुणी एकाहून अधिक योजनांचा लाभ घेत होतं, काही कुटुंबांत दोनाहून अधिक महिला होत्या, काही ठिकाणी पुरुषांनी अर्ज केले होते. निवेदनातला शब्द होता, लाभ ‘तात्पुरत्या स्वरूपात स्थगित’. पुढं हेही होतं, की जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शहानिशा होईल आणि पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल.

निवेदनातून मथळ्यापर्यंत येताना यातले तीन शब्द गळतात : ‘तात्पुरत्या’, ‘स्थगित’, ‘शहानिशा’. उरतं ते ‘२६ लाख बोगस बहिणी’. अपात्र आणि बोगस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अपात्र म्हणजे नियमात न बसणारा. बोगस म्हणजे खोटा. एका घरात सासू, सून आणि जाऊ अशा तिघींनी अर्ज केले आणि तिसरी गळाली, तर ती अपात्र. तिनं कुणाला फसवलं नाही, अर्ज भरताना तिला कुणी अडवलंही नाही. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर ‘अर्ज भरा, मुदत संपतेय’ याच बातम्या त्याच पानांवर होत्या. वयाची अट आधी ६०, मग ६५ झाली, पाच एकर जमिनीची अट गेली, हेही तिथंच छापून आलं होतं.

मग लाडकी बहीणच्या यादीत सापडलेल्या १४,२९८ पुरुषांचा आकडा. २०२५ च्या जुलैतली ही सगळ्यात चाललेली बातमी, आणि चालणारच. ‘लाडका भाऊ घुसला’ हा मथळा कुणाला आवरणार? पण लाभार्थी अडीच कोटींच्या घरात होते. भागाकार केला तर साधारण १,७५० अर्जांमागं एक. म्हणजे दोन-तीन हजार वस्तीच्या गावात एकसुद्धा सापडेलच असं नाही. हा भागाकार बातमीत एका ओळीचं काम होतं. दुसरी ओळ प्रश्नाची हवी होती : अर्ज पुरुषाच्या नावानं होता, की अर्ज बाईचा आणि खातं नवऱ्याचं किंवा मुलाचं? पहिली फसवणूक असू शकते. दुसऱ्यात फक्त एवढंच सिद्ध होतं, की बाईचं स्वतःचं खातं नव्हतं.

नियम साधा आहे. कुठल्याही ‘बोगस’ आकड्याजवळ एकूण आकडा दिसला नाही, तर ती बातमी अर्धी शिजलेली समजावी. खालचा आकडा गाळला की वरचा कितीही मोठा दिसतो. आणि ‘पाहणीत आढळले’ असं लिहिलं असेल तर कुणाच्या पाहणीत आणि कशाशी ताडून पाहिलं, ते शोधावं. बहुतेक वेळा ती पाहणी म्हणजे एका खात्याची यादी दुसऱ्या खात्याच्या यादीशी संगणकावर जुळवलेली असते. आधारवर ‘मंगलबाई’, सातबाऱ्यावर ‘मंगल’, रेशनकार्डावर नुसतं ‘मंगला’, अशी नावं असलेल्या मुलखात यादीजुळणी काय काय आढळवेल, ते सेतू केंद्रावर बसणाऱ्याला विचारा.

नियमच जिथं खोटं बोलायला लावतो

इथं थोडं थांबायला हवं, कारण ‘खोटे दाखले’ ही मराठवाड्यातली बारमाही बातमी आहे. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार या योजनांना कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये अशी वर्षानुवर्षं चालत आली. महिन्याला १,७५०. आता रोजगार हमीचा २०२५-२६ चा राज्यातला दर घ्या : दिवसाला ३१२. कुटुंबातल्या एकानं ६८ दिवस काम केलं की २१,२१६ झाले, मर्यादा ओलांडली. म्हणजे त्या वर्षी सरकारनंच हमी दिलेले शंभर दिवस कुणी इमानदारीनं भरले, तर त्याची म्हातारी आई निराधार राहत नाही.

म्हणून तहसीलचा २१,००० चा दाखला हा सगळ्यांना ठाऊक असलेला कागदी आकडा आहे. तलाठ्याला ठाऊक, तहसीलदाराला ठाऊक, वार्ताहरालाही ठाऊक. मग एक दिवस तक्रार होते, दहा-वीस दाखले तपासले जातात आणि मथळा येतो : ‘सधन कुटुंबातील निराधार!’ कधी खरंच सधन असतात. ट्रॅक्टर, पक्का बंगला, मुलगा नोकरीत. त्यांची बातमी व्हायलाच हवी. पण ज्याच्याकडं २२,००० आहेत तोही त्याच मथळ्याखाली येतो. मर्यादा किती, ती केव्हाची, आणि आजच्या मजुरीशी ताडली तर किती दिवसांची, हे तीन आकडे त्या बातमीत घातले असते तर वाचकाचा राग कदाचित दुसरीकडं वळला असता. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयाला केंद्राचा वाटा अजून महिना २०० रुपये आहे, हेही अशाच जागी सांगायचं असतं. ते सांगणारी चौकट क्वचितच दिसते.

दुसरा नमुना लाडकी बहीणच्या ई-केवायसीचा, म्हणजे आधारवरून ओळख पडताळण्याचा. १८ सप्टेंबर २०२५ ला आदेश निघाला, मुदत दोन महिने. पायऱ्या अशा : पोर्टलवर आधार क्रमांक आणि पडताळणीचा संकेतांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, त्यांच्या मोबाईलवर दुसरा ओटीपी, मग जात प्रवर्ग, आणि शेवटी दोन घोषणा. गोची त्या घोषणांत. कुटुंबातला कुणी सरकारी नोकरीत किंवा निवृत्तिवेतनावर ‘नाही’ असं नकारार्थी वाक्य, आणि त्याच्यासमोर ‘होय’ किंवा ‘नाही’ निवडायचं. घरात कुणी नोकरीत नाही, तर उत्तर ‘होय’. आता बोलीत विचारा : ‘घरात कुणी सरकारी नोकरीत नाही ना?’ समोरची बाई म्हणेल, ‘नाही.’ बोलीत हे बरोबर उत्तर आहे, पोर्टलवर चूक. एका चुकीच्या टिचकीनं कोरडवाहू शेतकऱ्याची बायको संगणकाच्या लेखी सरकारी नोकराच्या घरातली होते.

अर्जातलं हे वाक्य जसंच्या तसं छापून त्याखाली ‘कुणी नोकरीत नसेल तर होय दाबा’ एवढं लिहिणारी बातमी शंभर ‘झटका’ मथळ्यांपेक्षा मोलाची. काही जिल्हा पानांनी उशिरा का होईना, हे केलं. तोवर यूट्यूबवर ‘खोटी माहिती देणाऱ्या बहिणींवर गुन्हे दाखल होणार?’ अशी लाल-पिवळी चित्रं फिरून झाली होती. शेवटचं प्रश्नचिन्ह तेवढं कायद्याच्या भीतीनं.

पहिली मुदत १८ नोव्हेंबर, वाढवून ३१ डिसेंबर. उसाचा गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झालेला. बीड, धाराशिव, जालन्यातल्या टोळ्या तोवर सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाच्या फडात. आधारला जोडलेला मोबाईल नवऱ्याचा, नवरा गाडीवर, बाई मोळ्या बांधायला, फडात रेंज नाही. विधवा आणि परित्यक्तांचा प्रश्न याहून अवघड : दुसरा ओटीपी आणायचा कुणाच्या मोबाईलवरून? या काळात ‘हजारो बहिणींची केवायसीकडे पाठ’ असं छापणं म्हणजे शब्दाची निवडच चुकली. पाठ फिरवणं ही इच्छेची गोष्ट आहे. त्या पाठीवर तेव्हा उसाची मोळी होती, आणि हे मराठवाड्यातल्या संपादकाला कुणी बाहेरच्यानं सांगायची गरज पडू नये.

फोटोबद्दल दोन शब्द

फोटो जवळून पाहण्यासारखा असतो. ठरलेला फोटो बँकेबाहेरच्या रांगेचा : पंधरा-वीस बायका, अर्ध्या जणींनी पदर तोंडावर ओढलेला, एक-दोघी कॅमेऱ्याकडं बघताहेत, हातात प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, पायरीवर एक म्हातारी बसलेली. ओळ : ‘बँकेत लाडक्या बहिणींची गर्दी’. याच फोटोखाली ‘दोन काउंटरपैकी एकच सुरू’ असं लिहिलं असतं तर बातमी बँकेची झाली असती. हाच फोटो पुढं सहा महिन्यांनी ‘अपात्रांवर कारवाई’ या बातमीला लावतात. संग्रहातला आहे, ‘संग्रहित’ असं बारीक लिहितात, कधी तेही नाही. त्या रांगेतल्या बाईला गावात तोंड दाखवायचं असतं, तिनं कसलाही गुन्हा केलेला नाही आणि तिचा चेहरा ‘बोगस’ शब्दाच्या खाली छापलाय.

चेहऱ्याची निवड मतं कशी वळवते, यावर अमेरिकेत मार्टिन गिलेन्स यांनी केलेली मोजणी प्रसिद्ध आहे. १९८८ ते १९९२ या काळातल्या तीन मोठ्या वृत्तसाप्ताहिकांत गरिबीच्या बातम्यांना लावलेल्या फोटोंतले ६२ टक्के गरीब कृष्णवर्णीय होते. प्रत्यक्षात देशातल्या गरिबांत त्यांचं प्रमाण २९ टक्के होतं. आपल्याकडं अशी मोजणी करायची तर एका दैनिकाचे सहा महिन्यांचे अंक पुरे. योजनेच्या बातमीला पुरुषाचा फोटो किती वेळा, बाईचा किती वेळा. शेतकऱ्याच्या मदतीला बांधावरचा एकटा उदास पुरुष आणि दीड हजाराला बायकांची गर्दी, हे प्रमाण मोजायला शाळेतलं गणित पुरतं.

माल कुठून येतो

हे सगळं कुणी कट करून करतं असं नाही. तालुका वार्ताहराचं मानधन नाममात्र, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. जाहिराती येतात पुढाऱ्याच्या वाढदिवसाला. त्याच्या मोबाईलवर सकाळपासून तीन प्रकारचा मजकूर पडतो : जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट, पक्ष-संघटनांची निवेदनं आणि ‘भाऊ, एवढं लावा’ असे निरोप. योजनेतल्या बाईची प्रेसनोट निघत नाही. ती निवेदन देत नाही. दिलं तर ते कुठल्या तरी संघटनेच्या लेटरहेडवर येतं आणि बातमीत नाव अध्यक्षाचं लागतं. मग बातमीत तीन आवाज येतात, अधिकारी, पुढारी आणि तक्रारदार. जिच्याबद्दल बातमी, तिचं एक वाक्यही नसतं.

रोजगार हमीच्या घोटाळ्यात हे सगळ्यात जास्त टोचतं. जेसीबीनं काम केलं, मजूर कागदावर दाखवले : बातमी खरी, मथळा ‘बोगस मजूर’. पण जिचं जॉबकार्ड रोजगार सेवकाच्या कपाटात होतं आणि जिच्या खात्यावर पैसे टाकून शंभर रुपये हातावर ठेवत बाकीचे परत घेतले, ती बोगस कशी? ती वापरली गेलेली आहे. २००५ च्या मनरेगा, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमी, कायद्यात हजेरीपट संपल्यापासून १५ दिवसांत मजुरी, उशीर झाल्यास दिवसाला ०.०५ टक्के भरपाई, असं होतं. शंभर घोटाळ्यांच्या बातम्यांमागं या भरपाईची एक बातमी आली असती तरी पारडं थोडं सरळ झालं असतं.

कोणाचा माल घ्यावा

आकाशवाणी छत्रपती संभाजीनगरचं सकाळी ७ वाजून १० मिनिटांचं बातमीपत्र : दहा मिनिटं, विशेषणं नाहीत, फोटोचा प्रश्नच नाही. मुदत, कागदपत्रं, ठिकाण नीट सांगतात. दोष एवढाच, की प्रशासनानं सांगितलं ते सांगतात. प्रश्न विचारत नाहीत. तरी घरात योजनेतलं कुणी असेल तर पहिली पसंती हीच. पाचापैकी साडेतीन.

छापील जिल्हा पान : वरचा अर्धा भाग टाळा, खालचा वाचा. एका स्तंभाची, प्रेसनोटवरून केलेली कोरडी बातमी सगळ्यात कामाची असते. कापून ठेवता येते, सेतूवर दाखवता येते. वरच्या भागाला दीड, खालच्याला साडेतीन. सरासरी काढायची तर अडीच.

तालुक्याचं यूट्यूब चॅनेल : इथं टोकं दोन. एखादा पोरगा थेट तहसीलच्या ओट्यावर उभा राहून निराधारांच्या खिडकीवरची हालत दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी खिडकी उघडते. हे दैनिकाला जमत नाही. दुसरं टोक म्हणजे ‘आज रात्री १२ पर्यंत हे करा, नाहीतर पैसे बंद’. अशा चित्रफितीनंतर महा-ई-सेवा केंद्रावर झुंबड उडते आणि फुकटच्या कामाला पन्नास-शंभर मोजावे लागतात. चॅनेल पाहून गुण द्या, सरसकट नको.

मुंबईची वाहिनी : एक. तोही पुरात गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या बातमीदारासाठी. योजनांच्या चर्चेसाठी शून्य.

आणखी एक गोष्ट चारही जणांनी सांगायला हवी आणि क्वचितच कुणी सांगतं. ‘पैसे आले नाहीत’ याची कारणं अनेकदा पात्रतेत नसतात, आधारजोडणीत असतात. थेट लाभ आधारवरून जातो तेव्हा तो शेवटी जोडलेल्या बँकेच्या खात्यात पडतो. अर्जात कुठलं खातं लिहिलं होतं, याला अर्थ नाही. गावात शिबिरात उघडलेलं नवं खातं आधारला जोडलं गेलं असेल तर पैसे तिथं पडून असतात आणि बाई जुन्या बँकेच्या दारात उभी. ‘हजारो महिला लाभापासून वंचित’ या बातमीच्या खाली ‘आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते आधी बघा’ ही ओळ असती तर कितीतरी जणींचा हेलपाटा वाचला असता.

माल खराब निघाला तर

नाव, फोटो किंवा गाव घालून चुकीचं छापलं असेल तर आधी संपादकाला लेखी कळवा : अंकाची तारीख, पान, नेमकं वाक्य, त्यात काय चूक आणि जोडीला कागद. शासनाचं पात्रतेचं पत्र, पासबुकाचं पान, काहीही चालेल. फोनवर बोलू नका. ‘बघतो’ या शब्दाची पोच मिळत नाही. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडं तक्रार करता येते. दैनिकाच्या बाबतीत मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. सोबत मूळ कात्रण आणि संपादकाशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत. परिषद ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते. दंड करू शकत नाही, हे माहीत असू द्या. वाहिनीकडं तक्रार प्रसारणापासून सात दिवसांत करायची. संकेतस्थळाला किंवा बातम्यांच्या चॅनेलला २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्यानं १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तालुक्याच्या बहुतेक चॅनेलांना हे ठाऊकच नसतं, त्यामुळं पत्रात नियमाचा उल्लेख करा, निम्मं काम तिथंच होतं.

खुलासा छापून आला तर तो पाचव्या पानावर, जाहिरातीच्या खाली, एका स्तंभात येईल. तो कापा, झेरॉक्स काढा आणि एक प्रत अंगणवाडीताईकडं द्या. गावातल्या पडताळणीची यादी घेऊन दारोदार तीच फिरते, आणि बोगसचा मथळा तिनंही वाचलेला असतो.